खळ्यावरचा सामना

वेल्ह्याच्या महालकरी कचेरीत चिमाजीपंत खासनीस कारकून म्हणून आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं की, सहा महिने काढा, मग भोरला जागा होईल. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. बायको कमळाबाई आणि मुलगी भोरला होत्या. पंत दोन महिन्यांतून एकदा विंझरवरून चालत, पुढे मिळेल त्या गाडीनं घरी जायचे. मागच्या खेपेला दार उघडून मुलीनं आत ओरडून सांगितलं होतं, "आई, ते पाहुणे आलेत." पंतांनी पिशवी खाली ठेवली आणि पाहुण्यासारखंच ओसरीवर बसून पाणी मागितलं.

आता भोरच्या दप्तरात खरोखरच एक जागा रिकामी झाली होती. अर्ज सोमवारपर्यंत पोचायचा होता. पंतांचा अर्ज तयार होता, पाकीट तयार होतं, त्यावर फक्त महालकरी आनंदरावसाहेबांचा शेरा हवा होता. साहेबांचे सासरे रावसाहेब चार दिवस लेकीकडे राहायला आले होते आणि सोमवारी पहाटे आपल्या दमणीतून भोरला परतणार होते. पाकीट तेच नेणार होते. म्हणजे शेरा जावयाचा आणि गाडी सासऱ्यांची. दोघांपैकी कोणीही एक रुसला तर पंत वेल्ह्यातच.

आणि हे दोघे अकरा वर्षं एकमेकांवर रुसलेले होते. कारण टेनिस.

रावसाहेब पुण्याला इंग्रज कलेक्टरच्या हाताखाली होते. त्या कलेक्टरनं विलायतेत धाकट्या डोहर्टीचा खेळ डोळ्यांनी पाहिला होता आणि एकदा घोड्यावर बसता बसता रावसाहेबांना त्याबद्दल सांगितलं होतं. तेवढ्यावर रावसाहेबांचं मत कायम झालं होतं. डोहर्टीनं लागोपाठ पाच वर्षं विम्बल्डन जिंकलं. त्यानंतर जे झाले ते नुसते धावणारे लोक.

आनंदरावसाहेबांचा देव दर दोन-चार वर्षांनी बदलायचा. लग्न झालं तेव्हा टिल्डन होता, मग पेरी आला, आणि सध्या अमेरिकेचा तांबड्या केसांचा बज होता. गेल्या साली, म्हणजे एकोणीसशे अडतीसला, बजनं एका वर्षात चारही देशांच्या स्पर्धा जिंकल्या होत्या. साहेबांनी वर्तमानपत्रातलं त्याचं छायाचित्र कापून कचेरीत भिंतीवर डकवलं होतं. वसुलीला आलेले गावकरी त्याला कोणी नवा गोरा अधिकारी समजून नमस्कार करायचे. साहेबांनी कधी दुरुस्ती केली नाही.

वर्तमानपत्र वेल्ह्याला दोन दिवस शिळं यायचं आणि ते संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचं काम पंतांचं. त्यामुळे चार वर्षांत पंतांना जगातल्या सगळ्या टेनिसपटूंचे आकडे पाठ झाले होते. पंतांनी स्वतः रॅकेट फक्त झटकायला हातात धरली होती.

"खासनीस, बज मोठा की डोहर्टी?" शनिवारी साहेबांनी विचारलं. पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर होतं.

"बज, साहेब."

तेवढ्यात रावसाहेब आतून सुपारी कातरत आले. "कोण मोठा म्हणालात?"

"डोहर्टीही काही कमी नव्हता, असं मी म्हणत होतो, रावसाहेब."

दोघांनीही पंतांकडे पाहिलं. साहेबांनी पाकिटावर हात ठेवला.

"तुम्ही माणसाला तोंडावर एक बोलता आणि पाठीमागं एक," साहेब म्हणाले. "चार वर्षं मी हेच बघतोय. रावसाहेब, एकदाचा सोक्षमोक्ष लावूनच टाकू. उद्या सामना. मी बजसारखा खेळतो, तुम्ही डोहर्टीसारखे खेळा. निकाल खासनीस देतील. तो ऐकून मी शेरा लिहीन."

"आणि तो ऐकून मी पाकीट नेईन," रावसाहेब म्हणाले.

वेल्ह्यात टेनिसचं मैदान म्हणजे साळूबाईचं खळं. भाताची मळणी उरकली की ते रिकामं असायचं. साळूबाई ते शेणानं सारवून द्यायची, चुन्याच्या रेघा गेनबा शिपाई मारायचा, आणि जाळी म्हणजे नदीतलं मासे धरायचं जाळं. अडचण एकच होती. खळ्याच्या बरोबर मधोमध तिवडा उभा होता. मळणीचे बैल ज्या खांबाला बांधून फिरवतात तो हा छातीएवढा, हळदकुंकू लावलेला खांब.

"तेवढा उपटू या की," साहेबांनी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं.

"तिवडा होळीपातुर हलवायचा न्हाई, सायेब," साळूबाईनं सांगितलं होतं. "तुमी जावा की दुसरीकडं खेळाया."

दुसरीकडं सगळा उतार होता. तेव्हापासून जाळं तिवड्यालाच मध्ये बांधून दोन्हीकडं ताणलेलं असायचं. साहेबांची अशी समजूत झाली होती की विम्बल्डनलाही काहीतरी असेलच.

रविवारी दुपार कलल्यावर पंतांना बसवायला उंच जागा हवी म्हणून गेनबानं एक बैलगाडी बैल सोडून आणली आणि तिच्यावर कचेरीतलं स्टूल ठेवलं. पंत वर चढले.

"मधीच बसा बरं का, पंत," गेनबा खालून म्हणाला. "म्होरं सरकला तर धुरी खाली जाईल, मागं सरकला तर गाडी उलाळ व्हऊन मागं कलंडंल. हलू नगा."

"उतरायचं असेल तर?"

"तवा मी धरतो की. पर मला बॉल आणाया जावं लागंल, मंग न्हाई धरता येणार."

पंत स्टुलावर अंग चोरून बसले. डावीकडे तोरणा, उजवीकडे साहेबांचे कुटुंबीय, समोर अर्धं गाव. कचेरीचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

रावसाहेबांनी धोतराचा काचा मारला होता आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते डोहर्टीसारखे, म्हणजे जागचे न हलता, खेळत होते. साहेब बजसारखे खेळत होते. त्यामुळे ते सारखे पळत होते आणि बहुतेक चेंडू साळूबाईच्या पेंढ्यात जात होते. पहिल्या अर्ध्या तासात दोघांचे गुण सारखे झाले. त्यात कौशल्यापेक्षा पंतांच्या निकालांचा वाटा मोठा होता. एक चेंडू साहेबांचा बाहेर दिला की पुढचा रावसाहेबांचा बाहेर. गेनबाच्या ते लक्षात आलं.

"पंत, ह्यो तर रेघंच्या आत व्हता," तो गाडीखालून हळूच म्हणाला.

"माहीत आहे. गप्प बस."

मग निर्णायक गुण आला. साहेबांनी सगळ्या ताकदीनिशी चेंडू मारला, तो तिवड्याच्या टोकाला लागला, सरळ वर उडाला आणि खाली येऊन जाळ्यात अडकून लोंबत राहिला. ना इकडं, ना तिकडं.

"माझा!" साहेब म्हणाले.

"माझा," रावसाहेब म्हणाले.

"निकाल, खासनीस."

"पुन्हा खेळा," पंत म्हणाले. "नियमात तिवडा नाही."

पुन्हा खेळले. पुन्हा तिवडा. साहेबांना समोर सरळ मारायची सवय होती आणि रावसाहेबांना समोर सरळ उभं राहायची, त्यामुळे बहुतेक चेंडू तिवड्यावरच यायचे. सहा वेळा पंतांनी "पुन्हा खेळा" म्हटलं. सातव्यांदा साहेबांनी रॅकेट खाली टाकली.

"हे काही जमायचं नाही. खेळानं निकाल लागत नाही, तर तोंडानं द्या. खासनीस, तुम्ही इतकी वर्षं सगळं वाचलंय. तुमच्या मनातलं खरं सांगा. सगळ्या काळातला सगळ्यात मोठा कोण?"

"आपापल्या काळात दोघेही—"

"पळवाट!" रावसाहेब गरजले. आयुष्यात पहिल्यांदा ते जावयाच्या बाजूनं बोलले होते.

गेनबाला हे बघवेना. तो पुढं झाला. "सायेब, म्या बोलू का? आमचा एक बैल व्हता, ढवळ्या. लई ताकदीचा. मेला बिचारा. आवंदाचा पवळ्या बी चांगला हाय. पर दोगांचं कुनाचं जास्त, हे कसं सांगावं? एका औताला जुपता येत्यात व्हय? ढवळ्या तर मेलाय."

"गेनबा, तू बैलांबद्दल बोल," साहेब म्हणाले.

"बैलांबद्दलच बोललो की."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, दुसऱ्या हातात टाक धरला आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले. रावसाहेबही आले. आता एक गाडीच्या पुढं, एक गाडीच्या मागं. पंत मधोमध.

पंतांनी हिशेब केला. बज म्हटलं तर पाकीट जाणार नाही. डोहर्टी म्हटलं तर शेरा मिळणार नाही. तिसरं नाव घेतलं तर निदान कोणी हरणार नाही. आणि तिसरं नाव त्यांच्याजवळ होतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. गेल्या आषाढात वर्तमानपत्रात एका बाईच्या मृत्यूची बातमी होती. साहेब म्हणाले होते, "ते सोडा, पुढचं वाचा." पंतांनी मोठ्यानं पुढचं वाचलं होतं, पण ती बातमी नंतर एकट्यानं कंदिलाजवळ तीनदा वाचली होती. सात वर्षं ती बाई जवळजवळ हरलीच नव्हती. एक सामना, तोही आजारपणात अर्धा सोडलेला. खेळताना ती नाचल्यासारखी उडायची म्हणे. इतकं उडणारं माणूस कसं दिसत असेल, असा विचार पंतांनी वेल्ह्यात बसून बऱ्याच वेळा केला होता.

"लांग्लेन," ते म्हणाले. "सुझान लांग्लेन. फ्रान्सची."



"बाई?" रावसाहेब म्हणाले.

"बाई," साहेब म्हणाले.

"बाई, व्हय," साळूबाई पेंढ्याशेजारून म्हणाली, "अन् का नसावी?" पण तिच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

"अहो खासनीस," रावसाहेब हळुवारपणे म्हणाले, "डोहर्टीनं तिला एकही गुण मिळू दिला नसता."

"बजनंही नाही," साहेब म्हणाले. "रावसाहेब, तुमचं अगदी बरोबर."

"आनंदराव, तुमचंही. बजची काय ताकद!"

"आणि डोहर्टीची काय शैली!"

दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. साहेबांच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला. अकरा वर्षांत बापाचं आणि नवऱ्याचं एकमत त्या प्रथमच बघत होत्या. गेनबाला चहा सांगण्यात आला. पंतांना खाली उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गेनबा चहाला गेला होता.

चहा झाल्यावर साहेब परत गाडीपाशी आले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"खासनीस, मी तुम्हाला तोंडपुज्या समजत होतो. तुम्ही तर मताचा माणूस निघालात."

"आपली कृपा, साहेब."

"असल्या माणसाला असं चुकीच्या मतानिशी भोरला कसं पाठवू? लोक म्हणतील, महालकऱ्यानं काही शिकवलं नाही." त्यांनी पाकीट परत खिशात घातलं. "आता तुम्हाला पटवल्याशिवाय सोडायचं नाही. रावसाहेबांचंही तेच मत आहे."

"मी पुढच्या महिन्यात परत येतो," रावसाहेब म्हणाले. "कलेक्टरसाहेबांची पत्रं आहेत माझ्याजवळ, ती आणतो. निवांत बसू."

"पण सोमवार... जागा भरली जाईल, साहेब." पंतांचा आवाज बारीक झाला. "आणि मला पटलं. आत्ताच पटलं. बाई नाही. बाई मुळीच नाही."

"असं?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "मग कोण?"

सासरे आणि जावई, दोघेही मान वर करून पंतांकडे पाहत होते. पंतांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"बघा," रावसाहेब समाधानानं म्हणाले. "पटलेलं नाही. भीतीनं बोलतायत."

"घाई नाही, खासनीस," साहेब म्हणाले. त्यांनी गाडीच्या चाकाला टेकून ऐसपैस बैठक मारली, रावसाहेबांसाठी शेजारी घोंगडी अंथरून घेतली आणि घसा साफ केला. "आपण अगदी पहिल्यापासून सुरुवात करू. पहिलं विम्बल्डन, सन अठराशे सत्त्याहत्तर."