जपानी पातं आणि मामंजींचा रंधा

गुणवंतरावांना स्वस्थ बसवत नाही, हे वृंदाला बोहल्यावरच कळलं होतं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि नवरदेव पायाच्या अंगठ्यानं डुगडुगता पाट दाबून बघत होते. पुढे हा चुळबुळा स्वभाव दिल्लीला, नेहरू प्लेसच्या एका ऑफिसात, ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून जिरत गेला. मग देशात सगळंच खुलं झालं. नोएडाकडे शेतांत इमारती उठायला लागल्या आणि त्यांचे नकाशे काढायला ऑफिसात कॉम्प्युटर आले. बोर्ड गेले, बोर्डापुढची माणसंही गेली. ऐन पन्नाशीत गुणवंतराव मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मोकळे झाले. मोकळे म्हणजे कसे, तर पिंजऱ्यातला पोपट स्वयंपाकघरात सोडावा तसे.

माळ्यावर मामंजींचा रंधा होता. मामंजी, म्हणजे गुणवंतरावांचे वडील अंबादास, त्यांचे दादा, कराडात सुतारकाम करायचे. मुलाला त्यांनी रंध्याला कधी हात लावू दिला नाही. "तू कागदावर रेघा मार. भुशात मी आहेच," म्हणायचे. मुलानं हात लावला तो आता, आणि तोही नेमका पावसाळ्यात. दमट हवेनं फ्लॅटची दारं फुगून अडकत होती. गुणवंतरावांनी एकेक दार उतरवून तासून काढलं. काय झकास लागायला लागली! दिवाळी सरली, हवा कोरडी झाली, लाकूड आटलं, आणि तीच दारं चौकटीत दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या अंगावरच्या सदऱ्यासारखी लोंबायला लागली. न्हाणीघराच्या दाराला तर बोटभर फट. वृंदा आत गेली की भजन म्हणायची. आत कुणी आहे, हे बाहेर कळायला नको?

शेवटी तिनं उपाय केला. रंधा म्हणजे काय, तर एक लाकडी ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं पातं, आणि पात्याला घट्ट धरून ठेवणारी पाचर. पाचर नाही तर रंधा नाही. एका दुपारी तिनं पाचर काढली आणि तूरडाळीच्या डब्यात तळाशी घातली.

"अगं, पाचर कुठे गेली?"

"वाऱ्यानं गेली असेल. फटी काय कमी आहेत का घरात?"

पण मग मयुरा जपानहून आली. लेक गुडगावच्या जपानी कारखान्यात इंजिनिअर. तिकडेच मैत्रिणींबरोबर राहायची, रविवारी घरी यायची. कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं होतं. आईला रेशमी रुमाल आणि बाबांना तेलकट कागदात गुंडाळलेलं रंध्याचं पातं.

"बाबा, बघा तर! पाठ मऊ लोखंडाची, आणि धारेला कडक पोलादाचा पातळ थर. दोन्ही तापवून एकजीव केलंय."

"म्हणजे साडीला फॉल लावतात तसं," वृंदा म्हणाली.

"अच्छा! बिल्कुल तसं, आई. नुसतं पोलाद टिचतं, नुसतं लोखंड बोथटतं."

गुणवंतराव उजेडाला सरकून बसले. पातं तिरकं धरून दोन धातूंमधली ढगाच्या कडेसारखी रेघ बघत राहिले. इतक्या महिन्यांत हा माणूस इतका वेळ एका जागी बसलेला वृंदानं पाहिला नव्हता. तिला भरून आलं, म्हणून ती डाळ निवडायला गेली आणि पाचर देव्हाऱ्यामागे 'सापडली'.

दुसऱ्या दिवशी कळलं की पातं रंध्यात जातच नाही. जुन्यापेक्षा ते चांगलंच जाड. तळाला जी चीर असते, पात्याची धार जिथून बाहेर डोकावते आणि सालपट वर येतं, ते रंध्याचं तोंडच अरुंद पडत होतं. तोंड कानशीनं मोठं करायला हवं. आणि एकदा मोठं केलं की ते पुन्हा लहान होत नाही.

गुणवंतराव कानस घेऊन बसायचे, तोंडाशी टेकवायचे आणि उठायचे. गॅलरीत जायचे, परत यायचे. पाणी प्यायचे. पुन्हा बसायचे.

"दादांनी जन्मात हात लावू दिला नाही, आणि मी थेट कानस लावू?" ते गॅलरीतल्या तुळशीला विचारायचे.

तेवढ्यात मयुराचा फोन आला. "बाबा, लावलं का पातं?"

"फर्स्ट क्लास! लोण्यावरून सुरी फिरावी तसं चालतंय."

"सच्ची? मग रविवारी मला चालवून दाखवा. मी पातं देणाऱ्या जपानी दुकानदार आजोबांना फोटो पाठवणारे!"

रिसीव्हर ठेवून ते वृंदाकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय? लोणी तुम्ही काढलंत."

"नाही बसत म्हणून सांगू का तिला?"

"सांगा की."

"परमुलखात तीन दुकानं फिरली ती पोर. आधीच तिला वाटतं, बाबा आता कशातच बसत नाहीत."

हे ते पात्याबद्दल बोलत नव्हते, एवढं वृंदाला कळलं.

शनिवारी ते दूध आणायला बूथवर गेले तेव्हा रंधा टेबलावर उताणा पडला होता. उद्या लेक फोटो काढणार आणि त्यावर हा पिढीजात मळ! वृंदानं रॉकेलचा बोळा घेतला आणि तळ पुसायला लागली. तेलाचा काळा थर निघाला तशी तोंडाच्या पुढच्या कडेला एक चौकोनी रेघ दिसायला लागली. ती आणखी घासायला लागली. शिसवीच्या अंगात बोटभर रुंदीचा, वेगळ्याच तांबूस लाकडाचा तुकडा. इतका नेमका बसवलेला, की नखही अडकू नये.

गुणवंतराव पिशवी घेऊन दारात उभे. "वृंदा! रॉकेल? त्याला?"

"ओरडू नका. आधी इकडे या. हे ठिगळ कुणाचं?"

त्यांनी चष्मा चढवला. अंगठा फिरवला. मग दुधाची पिशवी हातात तशीच धरून खाली बसले.

"दादांचं. हा रंधा त्यांच्या उस्तादाचा. तळ झिजून तोंड फाकलं असणार, म्हणून त्यांनी..." ते थांबले. "त्यांनी उस्तादाचा रंधा कापला?"

"कापला आणि ठिगळ लावलं. गोधडीला आपण काय करतो? आणि पुढची कड सगळी या ठिगळाचीच आहे. तुम्ही घासणार ते उस्तादाचं नाही, मामंजींचं."

"म्हणजे दादांचंच घासायचं ना!"

"मग काय झालं? चुकलं तर दुसरं ठिगळ लावा. मामंजींनी वाट घालून दिलीय की."

त्यांनी ठिगळावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग दुधाची पिशवी तिच्या हातात देऊन त्यांनी कानस उचलली. घासायचे, पातं घालून बघायचे, पुन्हा घासायचे. तांबूस भुगा वर्तमानपत्रावर पडत होता आणि त्यांचे पाय टेबलाखाली पहिल्यांदाच गप्प होते. संध्याकाळी पातं आत गेलं. मग जुनी पाचर बसेना, जाड पात्यापुढे तिला जागाच उरली नव्हती. ती तासायला ते तयार होईनात; सागाच्या तुकड्यातून पटाशीनं नवी कोरली.

रविवारी मयुरा आली आणि न्हाणीघराच्या दाराची फट बुजवायला आणलेल्या पट्टीवर रंधा चालला. आवाज असा, जशी नवी साडी उलगडावी. सालपट लांबच लांब निघत गेलं.

"बाबा! यार, हे तर आरपार दिसतंय!" मयुरानं ते डोळ्यापुढे धरलं. "फोनवर म्हणालात तसंच, लोणी!"

गुणवंतरावांनी वृंदाकडे बघायचं टाळलं. "फोनवर नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा तोंडात जातच नव्हतं. काल बसवलं."

मयुरा हसली. "मला माहीत होतं. फोनवरच्या आवाजावरून."

पट्टी बसली, दार लागलं. वृंदाची भजनातून सुटका झाली. रात्री भांडी आवरताना तिनं जुनी पाचर पुसून डाळीच्या डब्यात परत ठेवली, असू दे म्हणून. मग आषाढात दारं पुन्हा फुगणार हे आठवून तिनं नवी पाचरही डब्यात घालायला शोधली. रंध्यात नव्हती. खणात नव्हती. देव्हाऱ्यामागेही नव्हती.

"अहो, पाचर कुठाय?"

"वाऱ्यानं गेली असेल," आतून आवाज आला.