हलकं नको, जड लावा

"हे काय लावलंय, मॅडम? गोठ्याला चुना फासल्यासारखं दिसतंय." केंद्राचा मॅनेजर असलेल्या विश्वजितने स्क्रीनवर बोट आपटलं. "परवा अध्यक्ष येणार. त्यांना हे दाखवू?"

स्क्रीनवर एक करडी पट्टी आणि चार बटणं होती, बास. नकली विंडोजबद्दल नोटीस आली तेव्हा गारखेड्यातल्या या टँकर बुकिंग केंद्राने विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घ्यायचं ठरवलं. त्यावर डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरचा सगळा देखावा, कोणता बसवायचा हे पारखायचं काम काउंटर सांभाळणाऱ्या कालिंदीकडे आलं. तिने दोन लावून पाहिले. हलका डेस्कटॉप काउंटरवरच्या जुन्या मशीनवर तुरुतुरु चालला. दुसरा देखणा होता. चौकटी लहरत उघडायच्या, सावल्या पडायच्या, घड्याळसुद्धा नटलेलं. पण नुसतं उभं राहायलाच तो जवळजवळ सगळी मेमरी खायचा. वर पावतीचा प्रोग्रॅम आणि प्रिंटर चालू केला की मशीन धापा टाकायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"माझ्या केबिनमध्ये लावलंय ते झकास आहे. तेच सगळीकडे लावा."

"ते जड आहे, सर."

"जड म्हणजे? किलोत मोजता का?" विश्वजित हसला.

त्याच्या केबिनमधलं मशीन नवं होतं म्हणून तिथे ते चालत होतं, हे सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. एवढा काही तो मठ्ठ नव्हता. पण कालिंदीला सांगायचंच नव्हतं.

पावतीचा तो प्रोग्रॅम तिने लिहिला होता, घरी, सगळ्या सुट्ट्या घालवून. विश्वजितने तो सभेत स्वतःचा म्हणून दाखवला. ती उठून म्हणाली, "सर, तो मी केलाय." तर हा भर सभेत म्हणतो कसा, "टायपिंग तुमचंच होतं, मॅडम." लोक खो खो हसले. तिच्या माहेरी वैर पाळायची एक रीत होती. शिव्या द्यायच्या नाहीत, भांडायचं नाही, फक्त त्या दारचं पाणी प्यायचं नाही. विश्वजितची अशीच चारचौघांत जिरेपर्यंत कालिंदीने ऑफिसातलं पाणी सोडलं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती घरून बाटली आणायची आणि ती संपली की कोरड्या घशाने बसायची. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग होता.

"लावते," ती म्हणाली. अध्यक्ष यायच्या आदल्या संध्याकाळी, काउंटर बंद झाल्यावर, तिने ते काउंटरवरच्या तिन्ही जुन्या मशीनवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष तात्यासाहेब सकाळीच आले. बाहेर रांग लागली होती. शहर शेंद्र्याकडे वाढत सुटलं होतं, इमारती उठत होत्या, पण नळ कुठे पोचले नव्हते. विश्वजितने चौकटी लहरवून दाखवल्या. तात्यासाहेब म्हणाले, "लई भारी!"

मग काउंटर उघडला. पावत्यांचं काम सुरू झालं आणि तिन्ही मशीन जागच्या जागी गोठली. स्क्रीनवरचा बाण हलेना, प्रिंटर गप्प. छापील पावतीशिवाय टँकर भरायचा नाही, हा नियमही विश्वजितचाच. हाताने लिहिलेल्या पावत्या काळ्या बाजारात विकल्या जायच्या म्हणून केलेला.

"काय झालं रे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

विश्वजित बटणं बडवत राहिला. कालिंदी खुर्चीवरून उठली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांगा ना सर. प्रोग्रॅम तुमचाच आहे."

तो घामाघूम झाला. तात्यासाहेब कधी त्याच्याकडे, कधी तिच्याकडे बघू लागले.

"कुणी केला ह्यो प्रोग्रॅम?"

"मी," कालिंदी म्हणाली.

"मंग इतके दिस तू कशाला मिरवत व्हता रे?"

रांगेत हशा पिकला. विश्वजित मान खाली घालून केबिनमध्ये गेला. कालिंदीला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. ती सरळ कोपऱ्यातल्या ऑफिसच्या माठाकडे गेली आणि पेला काठोकाठ भरून जागेवर घेऊन आली.

"ताई, आमच्या गल्लीचा नंबर?"

काउंटरच्या गजांपलीकडे सारजाबाई उभी होती. मागच्या पत्र्याच्या वस्तीतली. गल्लीचा टँकर लावायला रोज पहिली. ती हसली नव्हती.

"मशीन बंद पडलंय, मावशी. दुपार होईल."

"दुपार व्हय?" सारजाबाईने पदराने तोंड पुसलं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

कालिंदीने पेला गजांतून पुढे केला. "घ्या."

"नगं, ताई. लेकरं सकाळधरनं वाट बघू लागलेत. मी इथं पिऊन कोणच्या तोंडानं जाऊ?"

कालिंदीने हात मागे घेतला. पेला कीबोर्डशेजारी ठेवला, खणातून सीडी काढली आणि हलका डेस्कटॉप पुन्हा बसवायला घेतला.

पहिली पावती निघाली तेव्हा ऊन कललं होतं. सारजाबाईने ती पदराच्या टोकात बांधली, "येते, ताई," म्हणाली आणि भराभर निघाली.

पेला तसाच भरलेला होता. पाण्यावर बारीक धूळ बसली होती.