घरच्या मैदानावर अपराजित

क्रॅगशॉ रोव्हर्स फुटबॉल क्लबला सव्वाशे वर्षं झाली. तेवढ्या काळात अभिमान बाळगावा असं एकच काम त्याच्या हातून घडलं : एका मोसमात तो घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही. खरं तर एक हरला होता, चांगला चार-एक असा. पण हरवणारा हॉल्टनमूर क्लब त्याच हिवाळ्यात दिवाळं काढून लीगमधून बाहेर पडला, आणि अशा क्लबचे त्या मोसमातले सगळे सामने नियमाप्रमाणे पुसून टाकतात. क्रॅगशॉचा पराभव पुसला गेला. गावानेही मोठ्या मनाने नियमाचा आदर केला.

पंचाईत एवढीच की त्या चार-एकमधला क्रॅगशॉचा एकुलता गोल विल्फ हॉयलचा होता. गिरणीत काम करणारा विल्फ क्लबच्या मुख्य संघाकडून आयुष्यात तेवढाच सामना खेळला. पुढे गुडघा गेला. म्हणजे कागदोपत्री तो कधी खेळलाच नाही.

शतकोत्तर रौप्यमहोत्सवानिमित्त मैदानाबाहेर आजवरच्या सगळ्या खेळाडूंच्या नावांची भिंत बांधायची ठरली. नावं काढायचं काम क्लबचा इतिहासकार क्लिफर्ड पिकप याच्याकडे आलं. क्लिफर्ड निवृत्त भूगोलशिक्षक, विल्फचा शाळेपासूनचा मित्र. भिंत बांधून होत आली तशी विल्फची बायको मेव्हिस क्लिफर्डच्या दारात उभी राहिली.

"तू तिथं होतास ना? गोल पाहिलास ना?"

"पाहिला. गोलपोस्टच्या मागेच उभा होतो."

"मग घाल की त्याचं नाव. डॉक्टर म्हणतात, नाताळ काही बघत नाही तो."

"मेव्हिस, गोल धरला तर पराभवही धरावा लागतो."

"मग धर! हरायचं काय, या गावाला आज नव्याने शिकायचंय?"

क्लिफर्डने विषय समितीपुढे मांडला. अध्यक्ष डेरेक शॉरॉक यांचं बेकरीचं दुकान होतं आणि 'घरच्या मैदानावर अपराजित' हे दुकानाच्या पाटीवरही होतं.

"क्लिफर्ड, क्लबच्या चहाच्या प्रत्येक मगावर छापलंय ते. आता काय, घरोघर जाऊन ते सगळे मग परत मागू?"

मतदान झालं. वर गेलेला हात एकट्या क्लिफर्डचा. मग विल्फला फळांची टोपली पाठवावी, असं एकमताने ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिफर्ड विल्फकडे गेला. पुढच्या खोलीतला सोफा काढून तिथे पलंग टाकला होता. मेव्हिस आत चहा करत होती. आयुष्यात कधी एक आकडा न चुकवलेला क्लिफर्ड पलंगाशी टेकला आणि म्हणाला, "लागलं बरं का नाव तुझं. भिंतीवर."

विल्फने उशीवरून मान उचलली. "कुठं?"

"हॉवर्थच्या नावाखाली."

"उजव्या पायाने मारला होता मी, क्लिफ."

"डाव्या."

"डाव्या, डाव्या." विल्फ हसला, खोकला, पुन्हा हसला. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तो सामना धरला?"

"धरला."

"आणि मग विक्रम?"

क्लिफर्डला खोटं बोलायची सवय नव्हती. दुसरं खोटं त्याने तयार ठेवलं नव्हतं. "गेला."

"गेला? अरे लेका, काय करून बसलास!" विल्फ कोपरावर उठायला धडपडू लागला. "माझ्या एका फुटकळ गोलापायी? तेवढं एकच तर होतं रे गावाकडे! लोक काय म्हणतील? फोन दे, डेरेकला सांगतो, काढा म्हणावं माझं नाव..." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धाप लागली होती, आणि ओठ निळे पडत चालले होते.

"पड, पड तू. खोटं बोललो मी. काही गेलेलं नाही. विक्रम आहे तिथेच आहे."

"खरं?"

"शपथ."

"आणि मी?"

क्लिफर्डने पांघरूण नीट केलं. करण्यासारखं तेवढंच होतं. "तू नाहीस."

विल्फ उशीवर पडला. "बरं झालं," तो म्हणाला. श्वास जरा खाली बसल्यावर पुन्हा म्हणाला, "बरंच झालं," आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मेव्हिस चहाचे कप घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते क्लिफर्डला कळलं नाही.

"एकदाच खोटं बोलून गप्प बसायला काय झालं होतं तुला?" ती हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर आधीच गप्प बसायचं."

विल्फचा कप तिने त्याच्या उशाशी ठेवला. क्लिफर्डचा तसाच भरलेला आत घेऊन गेली.