दहा मिनिटं पुढे

मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे आणि मी दहा मिनिटं पुढे चालतो. मित्रांनो, हा बिघाड नाही. संत तुकाराम नगरच्या घरात वासंतीबाईंनी मला मुद्दाम पुढे लावलं, नवऱ्याची कंपनीची बस चुकू नये म्हणून. सव्वीस वर्षं ती चुकली नाही. रोज संध्याकाळी त्या मला चावी देत.

गेल्या वर्षी त्या वारल्या. त्या चावीला हात लावायचा त्यांच्या नवऱ्याला, प्रभाकररावांना, धीर झाला नाही. “बिघडलंय,” म्हणत त्यांनी मला कपाटात ठेवलं. मी बिघडलो नव्हतो!

त्यांचा मुलगा मिहिर चाकणला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. सकाळी गजर बंद करायला फोन हातात घ्यायचा आणि फोनमध्येच अडकायचा. तीनदा बस चुकली. साहेबांनी बजावलं, “आणखी एकदा चुकली तर येऊच नकोस.”

प्रभाकररावांनी घरातलं वायफाय काढलं. मिहिर जिन्यात बसून शेजाऱ्यांचं वापरू लागला. शेवटी दोघं समुपदेशक तनुजाताईंकडे गेले. वाटेत दुरुस्तीला टाकायचं म्हणून मी पिशवीत होतो.

“मॅडम, फोन फोडतोच याचा!”

“फोडा, बाबा. मग घरात बोलायला कोण आहे? ‘जेवलास का’च्या पुढे तुमची गाडी जात नाही.”

ताईंनी फोन मागितला नाही. विचारलं, “मिहिर, सकाळी आधी काय उघडतोस?”

तो म्हणाला, “आईचा आवाज आहे त्यात. ‘ऊठ रे, बस जाईल.’ तो ऐकतो. मग रडू येऊ नये म्हणून दुसरं काहीतरी लावतो. वेळ कळत नाही.”

प्रभाकरराव हळूच म्हणाले, “मलापण ऐकव की रे.”

ताईंनी तेच ठरवून दिलं. तो आवाज संध्याकाळी दोघांनी बसून ऐकायचा. झोपताना फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. “मग सकाळी उठवायला काय आहे?” त्यांनी विचारलं.

प्रभाकररावांनी मला पिशवीतून काढलं. मिहिरने मला उलटं केलं.

“बिघडलं नाहीये, बाबा. चावी दिलेली नाही.”

त्याने चावी दिली. मी चालू लागलो. भिंतीवरच्या घड्याळात बघून त्याने मला दहा मिनिटं पुढे लावलं.

मध्ये एकदा फोन पुन्हा उशाशी आला. ताई रागावल्या नाहीत, पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. फोन उशाशी होता त्या सकाळी मिहिरने पळत बस गाठली. त्यानंतर पळायची वेळ आली नाही.

मित्रांनो, कुणी थांबलेलं दिसलं की लगेच बिघडलं म्हणू नका. त्याला चावी कुणी देतंय का, ते आधी बघा. आणि मला बरोबर वेळेला लावायला मात्र येऊ नका. मी दहा मिनिटं पुढेच राहणार.