कपाटात ठेवलेले अंगठे

कारखान्यात तिला सगळे 'पाणीपुरवठा' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्याने, की तोंडावर म्हटलं असतं तरी फरक पडला नसता. कारण तिचे तळहात. थंडीत ओले, पंख्याखाली ओले, झोपेतसुद्धा ओले. शाळेत तिच्या वह्यांची पानं भिजून फुगायची आणि वही दुप्पट जाड दिसायची. बाईंना वाटायचं, पोरगी फार अभ्यास करते.

असले हात घेऊन माणसाने जावं कुठे? पोस्टात. तिकिटं चिकटवायला पाणी फुकट. ही गेली बेअरिंगच्या कारखान्यात, तेही तपासणीच्या खोलीत. आरशासारखी चकचकीत पोलादी रिंग हातात घ्यायची, आतून बोट फिरवायचं, कुठे खरखर लागते का बघायचं, तेलाच्या फडक्याने पुसायची आणि खोक्यात ठेवायची. बोट उघडंच लागतं, हातमोज्यातून काही कळत नाही. आणि तिचं बोट म्हणजे असं तयार, की केसाएवढा ओरखडा डोळे मिटून सापडायचा. कच्च्या नोकरीचे सहा महिने संपायला एक आठवडा उरला होता. पक्कं व्हायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

त्यासाठी घरी खटाटोप चालू होता. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एक मशीन सुचवलं होतं. पाण्याचे दोन ट्रे, एकेकात एकेक हात, आणि त्यातून अगदी हलका करंट. आठवड्यातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं, हाताला मुंग्या येत बसायचं. मुंग्यांचं काही नाही. पण दोन्ही हात पाण्यात गेले, की तिसऱ्या मिनिटाला नाक खाजणार म्हणजे खाजणारच. आणि हे ओळखून आई समोर खुर्ची टाकून बसायची.

"हं. आता पळता येत नाही तुला. त्या मुलाचं काय ठरवलंस?"

"आई, नाक."

"आधी उत्तर."

असे सहा आठवडे काढले. हात अगदी कोरडे झाले असं नाही, पण दिवसाला आठ रुमाल लागायचे, ते दोनावर आले.

आणि नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाकडून अकरा खोकी परत आली. प्रत्येक खोक्यात एक रिंग गंजलेली, आणि गंज बोटांच्या आकाराचा.

खोलीतल्या सात जणांनी माना वळवल्या. रिंगांकडे नाही, तिच्याकडे.

साहेब, म्हणजे खोलीचे प्रमुख, मनाने वाईट नव्हते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर जुन्या लेथ मशीनने दिलेला तिरका व्रण होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय ते नव्या माणसाला कामाला लावत नसत. एरवी तो हात कायम खिशात.

"हे बघ," ते तिला म्हणाले, "माझा राग नाही तुझ्यावर. पण तुला गेटवर टाकतो, नोंदी लिहायला. कागदाला गंज चढत नाही."

तिलाही वाटत होतं, आपणच.

"साहेब, फाशी द्यायच्या आधी साक्षीपुरावा तरी होऊ द्या," दारातून आवाज आला. स्टोअरवाल्या काकू. नको तिथे नाक खुपसायचं काम त्या पगाराशिवाय करायच्या. "नऊ रिंगा देते, स्पिरिटने पुसून. प्रत्येकाने एकीवर अंगठा दाबायचा. कपाटात ओलं फडकं टाकू, रात्रभर ठेवू. कुठला नंबर कोणाचा, ते फक्त माझ्या वहीत."

"नऊ कशाला? हे आठच आहेत."

"तुम्ही धरून नऊ."

"मी काय पॅकिंग करतो?"

"नाही करत. पण तुम्हाला सोडलं, तर हे सातही म्हणतील आम्हाला सोडा."

साहेबांनी खिशातून हात काढला, पँटला पुसला आणि चटका बसल्यासारखा अंगठा टेकवून परत खिशात घातला.

सकाळी काकूंनी कपाट उघडलं. कुबट वास आला. आठ रिंगा जवळजवळ स्वच्छ. चार नंबरच्या रिंगेवर मात्र तपकिरी अंगठा, रेघन् रेघ उठलेली.

"पाणीपुरवठा सापडला," कोणीतरी म्हणालं.

ती पुढे झाली आणि सवयीने रिंग उजेडात धरली. ओरखडे शोधायची सवय ती. गंजाच्या मधोमध एक तिरकी, स्वच्छ पट्टी होती. तिने स्वतःचा अंगठा बघितला. तिथे तसलं काही नव्हतं.

मग ती परत आलेल्या खोक्यांकडे गेली. अकराही रिंगांवर तीच तिरकी पट्टी. काल कोणी नीट बघितलंच नव्हतं. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ होतं. आणि प्रत्येक वेळी गंजलेली रिंग सगळ्यात वरचीच. खोकं बंद करायच्या आधी वरची रिंग प्रेमाने हातात घेऊन शेवटची नजर टाकणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

तिने रिंग हळूच खाली ठेवली. कोणाचंच नाव घेतलं नाही. काकूंनीही वही उघडली नाही.

"चार नंबर माझा," साहेब म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी कोणाशी हात मिळवलेला नाही. लोकांना वाटतं, साहेबांचा रुबाब."

"आणि हिचा?" मघाचाच आवाज, आता जरा पडलेला.

"सात नंबर," काकू म्हणाल्या. "एक फिकट ठिपका आहे. चष्मा लावून शोधावा लागला."

दुपारी साहेबांनी तिच्या पक्क्या नोकरीच्या कागदावर सही केली. सही थोडी फिसकटली. तिने एका चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी त्यांना दाखवा. मग मशीन. वीस मिनिटं बसायचं, दुखत नाही."

साहेबांनी खिशातला हात बाहेर काढून चिठ्ठी घेतली. "एवढंच?"

"एवढंच. फक्त हात पाण्यात घालायच्या आधी नाक खाजवून घ्या. आणि समोर कोण येऊन बसलंय, ते बघा."