वीणेचा पहारा
पूर्ण्याच्या त्या गोदामात अडीचशे स्कॅनर होते आणि त्यातला कुठला रुसतो, कुठला नुसतं सोंग करतो, हे एकट्या केसरीनाथाला ठाऊक. गोदामाखाली त्याच्याच घरची भाताची खाचरं गेलेली. जमिनीसोबत घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती ही. बारा वर्षं तो स्कॅनर, लॅपटॉप, प्रिंटर वाटत होता आणि परत घेत होता. नोंद वहीत थोडी, डोक्यात फार.

मग हेड ऑफिसातून हितेश आला. पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, "काका, पूर्णा, वळ, वडपे, तिन्ही गोदामांत सॉफ्टवेअर वेगळं. दुरुस्तीला काय पडलंय ते खरेदीवाल्यांना कळत नाही. आता एकेका कामाची स्वतंत्र सेवा करायची, म्हणजे वेगळा छोटा प्रोग्रॅम. नोंदीची एक, वाटपाची एक, दुरुस्तीची एक. ज्याला गरज, त्यानं त्या सेवेला विचारायचं. एक बदलली तरी बाकीच्यांना धक्का नाही."

केसरीनाथ खुलला. "म्हंजे आमचा सप्ताच की रं! मुरदुंगवाला मुरदुंग वाजवतो, टालकरी टाल धरतो. कोन कोनाचा काम करीत न्हाय, पन बुवानं हाक दिली का साथ हाय. आन् वीना सात दिवस खाली ठेवाची न्हाय. येकाचा पहारा सरला का दुसरा पाया पडून हातात घेतो. मानूस बदलतो, वीना उभीच."

"काका, मीटिंगमध्ये हे तुम्हीच सांगा."

त्यानं सांगितलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पॅकिंगवरच्या बायजाबाईनं मात्र जिन्यात गाठलं. "केसरीदादा, सगला ओतू नको. नोकरी हाय ती. येक तरी गोष्ट पदराला ठेव."

"मला न्हाय पदर. आन् विनेकरी तार लपवतो काय गं?"

तीन आठवडे तो हितेशशेजारी बसून रिता होत गेला. कुठल्या स्कॅनरची बॅटरी फुगते, कुठला प्रिंटर दमट हवेत कागद गिळतो, कुणाच्या हाती काय टिकतं, सगळं.

फायदा झाला. खोटं कशाला बोला. वळच्या कपाटात एक्केचाळीस धड चालणारे स्कॅनर सापडले आणि पूर्ण्याची नवी खरेदी थांबली. वॉरंटी संपायच्या आत दुरुस्तीला निरोप आपोआप जाऊ लागला. वडप्याला लॅपटॉप हवा असला, तर कुणाला केसरीनाथाला फोन करावा लागेना. आधी दिवसाला चाळीस फोन यायचे. मग दहा. मग फोन नुसता टेबलावर.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं. पद रद्द.

हितेश खाली बघत म्हणाला, "काका, मी फक्त सिस्टिम बांधली."

"तू बांधलीस, सामान माजा होता," केसरीनाथ म्हणाला. आवाज चढला नाही, म्हणून हितेशला ते जास्त लागलं.

बायजाबाईनं टोमणा तयार ठेवला होता. "वाजव आता टाल!" म्हणाली, आणि तोंड फिरवून खोक्याला पट्टी मारत राहिली. पट्टी तिरकी गेली.

शेवटच्या दिवशी त्याच्या नावावरचा स्कॅनर जमा करायचा होता. दाराशी आपोआप जमा करून घेणारं नवं कपाट, खाचाखाचांचं, वर काचेचा पडदा. बारा वर्षं एकही स्कॅनर त्यानं माणसाच्या हाताशिवाय कुठे दिला नव्हता. तो स्कॅनर छातीशी धरून उभा राहिला, आणि सवयीनं मागं वळून पाहिलं, पुढचा कोण आलाय ते.

कुणी नव्हतं.

"रामकृष्णहरी," म्हणत त्यानं तो खाचेत ठेवला. कपाट टुक् वाजलं. पडद्यावर अक्षरं उमटली: जमा. वापरास उपलब्ध.

पाया पडायला कपाटाला वाकता येत नव्हतं.