चार नंबरचा ओटा

तीन वर्षांत मत्स्य संशोधन केंद्रातल्या ताईने दोन हजार माशांच्या पाठीत नंबराची पिवळी पट्टी टोचून त्यांना समुद्रात सोडलं होतं. पट्टी जिथे सापडेल, त्यावरून मासा हिवाळ्यात कुठे जातो ते कळणार होतं. पट्ट्या परत आल्या किती? एकही नाही. महिनाअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

शेवटच्या आठवड्यात ती पडलेल्या चेहऱ्याने बंदराच्या धक्क्यावर गेली, भिंतीवरची आपली सूचना काढायला. ‘पट्टीचा मासा न कापता आणून द्यावा.’ शेजारच्या चार नंबरच्या ओट्यावर मासे साफ करणारी मावशी बसायची. जीभ सुरीपेक्षा धारदार.

“काढतेस ते बरं,” मावशी म्हणाली. “लिहिणाऱ्याने जन्मात मासा कापलेला नाही.”

लिहिणारी समोरच उभी होती, हे सांगायची ताईला लाज वाटली.

मावशीने मग समजावलं. पट्टी खवल्यांत रुतून बसते, बोटीवरच्या ढिगात दिसत नाही. दिसते ती सुरी फिरल्यावर. मग न कापलेला मासा आणायचा कुठून? साहेब लोक रागावतील म्हणून सगळ्या ओटेवाल्या गप्प बसल्या आणि पट्ट्या मावशीकडे देऊन मोकळ्या झाल्या. नंबर घातलेली वस्तू तिला टाकवत नाही.

तिने बिस्किटांचा डबा उघडला. त्रेसष्ट पट्ट्या, प्रत्येक पट्टी आपापल्या क्रेटच्या चिठ्ठीत गुंडाळलेली. चिठ्ठीवर बोटीचं नाव आणि तारीख. ताई तिथेच ओल्या फरशीवर बसली. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि कळसा सांभाळला होता दुसऱ्याच बाईने.

बोटवाल्यांनी आपापल्या वह्या काढून त्या त्या तारखेला जाळं कुठे टाकलं होतं ते सांगितलं. तीन दिवसांत नकाशा भरला. मासे किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेला उतरत होते, दरवर्षी त्याच वाटेने. साहेबांनी मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही.

अहवालाच्या पहिल्या पानावर आभार मानायला ताईने मावशीचं नाव विचारलं.

“नाव कशाला? तुझ्या माशांना कुठे नावं आहेत? चार नंबर लिही.”

तिने तसंच लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले. मग धक्क्यावर जाऊन तिने नवा कागद चिकटवला: ‘मासा खुशाल कापा. पट्टी चार नंबरला द्या.’

मावशीने तो दोनदा वाचला आणि ओटा पुसून घेतला.